उभं राहण्याचा सराव

धम्मशीला पहिल्यांदा माझ्याकडे आली ती डिसेंबरात, शाळा सुटायच्या वेळी. अमडापूरची बाई, माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, "वासंती मॅडम, तुमचा आवाज लय कडक हाय म्हणतात. मले तो दोन-चार रविवार पाहिजे."

मेहकरला मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते. माझ्या आवाजावरून पोरं पाठीमागे काय बोलतात ते ठाऊक होतं, पण कोणी तो मागायला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

"कशाला हवाय?"

"माझ्या पोरांवर ओरडायले."

तिची पोरं म्हणजे जिल्ह्यातल्या मुलांच्या निरीक्षणगृहातली. गुन्ह्यात सापडलेली अठरा वर्षांच्या आतली मुलं तिथं ठेवतात. गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि ज्या मुलाची ही गोष्ट, त्याचंही नाव बदललंय. धम्मशीला तिथं अकरा वर्षांपासून कंत्राटी शिक्षिका. तिचे वडील बाजारात पोती उचलायचे, त्यांनी तिला डी.एड. केलं. ती रुजू झाली तेव्हा तिथली शाळा म्हणजे एक टीव्ही आणि फळ्यावरच्या ओळी वहीत उतरवणं.

रविवारी मी गेले. स्वयंपाकघराला लागून एक खोली, चौदा पोरं. एकाला अक्षरओळख नाही आणि त्याच्याच शेजारी बसलेला नववीतून आलेला. कोणी नऊ दिवस राहतं, कोणी नऊ महिने. कोर्टात तारखेला गेलेला पोरगा परत येईलच असं नाही.

"मग शिकवतेस कसं?"

"आजचं आजच पुरं करते," ती म्हणाली. "उद्याच्या भरवशावर काही ठेवत नाही. आला त्या दिवशी पहिलं काय शिकवते माहीत हाय? एसटीची पाटी. त्याच्या गावचं नाव. सुटला की घरी तर पोचला पाहिजे!"

भिंतीवर पुठ्ठ्यांच्या पाट्या टांगलेल्या होत्या. चिखली, हिवरा आश्रम, लोणार, आणि कितीतरी बारकी खेडी. अकरा वर्षांत आलेल्या प्रत्येक पोराचं गाव. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि देवळात उभं राहिल्यावर होतं तसं झालं.

मग तिनं माझं काम सांगितलं. विहंग नावाचा सोळा वर्षांचा मुलगा दहावीला बसणार होता. जुन्या शाळेनं नाव काढून टाकलेलं, म्हणून आमच्या शाळेतून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, आणि परीक्षाही आमच्याच केंद्रावर. मी अनोळखी पर्यवेक्षक व्हायचं, खोलीत शिरायचं आणि त्याचा बैठक क्रमांक खणखणीत पुकारायचा.

मी पुकारला.

विहंग बाकावरून उठला आणि फरशीवर उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, मान खाली. मी त्याला खाली बस म्हटलंच नव्हतं.

"मोजणी," धम्मशीला हळूच म्हणाली. तिथं दिवसातून पाच वेळा पोरं मोजतात. नाव पुकारलं की असं खाली बसायचं, म्हणजे डोकी नीट मोजता येतात. काही महिन्यांत ते अंगात भिनतं. मागच्या साली तिचा एक पोरगा परीक्षेच्या हॉलमध्ये असाच खाली बसला. हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "जेलातला दिसते बे!" पोरगा पेपर कोरा टाकून उठला, तो पुन्हा पुस्तकाकडे वळलाच नाही.

"त्याले गणित येत होतं, मॅडम. पैकीच्या पैकी. मीच चुकले. मी त्याले फक्त अभ्यास शिकवला."

यंदा विहंगचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मोजणी करणारे काळजीवाहक माणिकराव दारात उभे होते. त्यांना ते लागलं असावं. "ताई, मले वरून इचारतात, किती पोरं हायेत? एक जरी कमी भरला तर माही नोकरी जाते."

"म्हणून तर तुमाले चपला दिल्या ना मोजायले," धम्मशीला म्हणाली.

तिनं त्यांच्याशी भांडून एक गोष्ट मिळवली होती. वर्ग चालू असताना पोरांना खाली बसवायचं नाही. दाराबाहेर चपलांचे जोड मोजायचे. एकदा एक पोरगा अनवाणी वर्गात आला आणि माणिकरावांनी शिट्टी फुंकून सगळी इमारत डोक्यावर घेतली होती. तेव्हापासून ते स्वतःच पोरांच्या मागे लागायचे, "चप्पल घाल बे, शाळेत जायचं हाय!"

असे सात रविवार झाले. मी ओरडायचे, विहंग खाली बसायचा. कधी अर्धा, कधी पुरा. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, फक्त उभं राहायचंय!" त्याचे कान लाल झाले. सरावाच्या परीक्षेला परीक्षार्थी कमी म्हणून माणिकराव मागच्या बाकावर बसायचे आणि पुढच्याचं बघून लिहायचे. मी त्यांना दोनदा वर्गाबाहेर काढलं. पोरं पोट धरून हसली, विहंगसुद्धा.

धम्मशीला मात्र एकदाही चिडली नाही. फेब्रुवारीत एका रविवारी तिनं विहंगच्या बाकाच्या कडेला खोडरबर ठेवलं. "हे पाय, अंग खाली जाते तर जाऊ दे. त्याच्याशी भांडू नको. पण जाता जाता हे पाडायचं. मग उचलायचं, आणि उठायचं. खोडरबर पडलं तर कोणीबी वाकते."

सव्वीस वर्षांत मी किती पोरांना नुसतं 'सरळ उभा राहा' म्हटलं असेल. ही बाई त्या वाकण्यालाच हाताशी धरून पोराला वर आणत होती.

पहिला पेपर मराठीचा. सकाळी मी बालाजीच्या देवळात नुसती उभी राहिले, मागितलं काहीच नाही. केंद्रावर माझ्याकडे वर्गावर्गांत पुरवण्या पोचवायचं काम होतं. विहंग तिसऱ्या खोलीत. त्याच्यासोबत आलेला पोलीस साध्या कपड्यांत गेटबाहेर लिंबाखाली बसलेला, शेजारी धम्मशीला.

पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन मी तिसऱ्या खोलीच्या दारात पोचले आणि नेमकं तेव्हाच पर्यवेक्षकांनी हॉल तिकीट बघून त्याचा क्रमांक पुकारला. फोटो जुना, केस वेगळे, त्यांना खात्री करायची होती. आवाज माझ्याहून कडक.

विहंग उठला आणि खाली गेला.

पंचवीस माना वळल्या. मी काहीच करू शकत नव्हते, तोंडातून नावही काढायचं नव्हतं. एक क्षण, दोन क्षण. मग बाकाखाली त्याचा हात चाचपडताना दिसला. खोडरबर पार पुढच्या मुलाच्या पायाशी गेलं होतं. त्या मुलानं ते पायानं मागे सारलं. विहंगनं उचललं आणि तो सरळ उभा राहिला. सरांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "हजर, सर."

"सापडलं का रे?"

"हो सर."

सगळ्यांच्या माना परत पेपरांत गेल्या. मी पुढच्या खोलीकडे गेले. दोन तासांनी तिसऱ्या खोलीतून पुरवणीची मागणी आली. मागणारा तोच होता.

पेपर सुटल्यावर मी धावतच गेटवर गेले. धम्मशीलानं विचारलं, "गेला का खाली?"

"गेला. आणि उठला."

तिनं हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द ऐकू आले नाहीत.

पोरांचा लोंढा बाहेर आला. त्यात विहंग. खोडरबर सरकवणारा पुढच्या बाकावरचा मुलगा त्याच्यासोबत चालत होता. "निबंध कोणता घेतला बे तू?"

"झाडाचं आत्मवृत्त."

"मी बी तोच! किती पानं?"

"चार."

"चार? काय लिवलं एवढं?"

दोघं सायकलींपाशी थांबले. विहंग हातवारे करून काहीतरी सांगू लागला. पोलीस घड्याळ बघत उठला, त्याला न्यायला पाऊल टाकलं. धम्मशीलानं त्याची बाही धरली.

"दोन मिनिटं थांबा ना भाऊ," ती म्हणाली. "वर्गातल्या पोराशी बोलून राह्यला तो."

पोलीस थांबला. आम्ही तिघंही तिथंच लिंबाखाली उभे राहिलो.