मामांनी बिघडवलेला स्पीकर

मामांची एकेचाळीस वर्षं रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेली होती. समोर वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला: "याला आधी कुणी हात लावला होता?" मग त्या अनोळखी कारागिराचा यथेच्छ उद्धार, आणि मगच काम. पण मामांनी सुधारलेली वस्तू परत आली, असं कधी झालं नाही.

त्यांची भाची एका बँडमध्ये ऑर्गन वाजवायची. बँडने नवा अल्बम काढायला घेतला होता. साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकला, त्यातल्या त्या डोकं गरगरवणाऱ्या संगीताला मानवंदना म्हणून. अल्बममध्ये संगणकाची एकही लबाडी नको, असा भाचीचा हट्ट. सगळं झालं होतं, शेवटचं गाणं तेवढं उरलं होतं. ते ऑर्गनवर आणि त्याला जोडलेल्या कपाटाएवढ्या लाकडी स्पीकरवर बेतलेलं होतं. त्या स्पीकरच्या आत मोटरवर एक कर्णा फिरतो, म्हणून आवाजही फिरतो. मोटर करकरायला लागली, तसा स्पीकर मामांकडे आला.

"मामा, फक्त करकर घालव. उद्या रेकॉर्डिंग आहे, परवापासून स्टुडिओ दुसऱ्यांचा."

'फक्त' हा शब्द मामांना मानवत नसे. त्यांनी मोटर साफ केली, तेल घातलं, आणि मोटरवरून कर्णा फिरवणारा, ताणून लोंबायला लागलेला पट्टा फेकून नवा घातला. बटण दाबताच कर्णा गरकन फिरला. मामा खूश.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः स्पीकर घेऊन स्टुडिओत आले. भाचीने बटण दाबलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हा एकदम कसा पळतो? आधी वेग घ्यायला आठ सेकंद लागायचे!"

"पट्टा घसरत होता म्हणून."

"अरे, त्या आठ सेकंदांवर गाणं उभं आहे! आम्ही सगळे थांबतो आणि आवाज एकटा चढत जातो. जुना पट्टा कुठाय?"

"कचऱ्याच्या गाडीत."

"संगणकावर करून टाकू," ड्रमवाला म्हणाला. भाचीचे डोळे भरून आले.

"सुधारलेलं बिघडवून देणं माझ्या धंद्यात बसत नाही," मामा म्हणाले आणि तरातरा बाहेर जाऊन बसले. काचेतून भाची दिसत होती. तीच जागा ती पुन्हा पुन्हा वाजवून बघत होती. मामांना राहवेना. पुटपुटतच ते आत आले आणि स्पीकरची मागची फळी उघडली.

त्यांनी मोटर जराशी सरकवून पट्टा सैल केला. तीन सेकंद. मग जन्मभर ज्या तेलापासून पट्टे जपले, त्याचाच एक थेंब त्यांनी आपल्या हाताने पट्ट्यावर सोडला. पाच. पुसलं, पुन्हा लावलं. दीड तास मामा इतक्या निगुतीने बिघडवत होते, की चहा गार झाला. आठ सेकंद भरले तेव्हा भाचीने त्यांना मिठीच मारली.

रेकॉर्डिंग सुरू झालं. एरवी एक सूर वाजला की मामा पिशवी उचलून निघत. आज ते दाराशीच थबकले. बाकीची वाद्यं थांबली आणि एकटा आवाज हळूहळू चढत खोलीभर झाला. मामांच्या अंगावर काटा आला.

गाणं संपलं. आता हे काय खोट काढतात, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"पुन्हा लाव," मामा भाचीला म्हणाले. "एवढी वर्षं मी नुसतं वाजतंय का, तेवढंच बघत आलो गं."