कौलांतलं दार

रघू गेल्याचा निरोप घेऊन पिंपरीच्या कारखान्याची मोटार दारात आली, तेव्हा मी त्या ड्रायव्हरला पहिला प्रश्न विचारला तो असा : "नक्की ना? तुम्ही स्वतः पाहिलंत?" तो बिचारा गोंधळला. "मास्तर, असं काय विचारता? इस्पितळातूनच येतोय मी." ओसरीवर जमलेल्या माणसांना वाटलं, म्हातारा दुःखानं भ्रमिष्ट झाला. रघूची बायको यमुना मात्र माझ्याकडे एकटक बघत राहिली आणि मग आत निघून गेली. त्या गोष्टीला आता दीडएक महिना झाला. तो प्रश्न माझ्या तोंडून का निघाला, ते आज लिहायचं आहे.

रघू माझा भाचा. तो पाळण्यात असताना त्याचे वडील गेले आणि माझी थोरली बहीण आक्का त्याला घेऊन माहेरी आली. आमचं गाव दिघीच्या माळापलीकडे, इंद्रायणीच्या काठावर. मी गावच्या शाळेत मास्तर. रघू पुण्याला शिकला आणि लढाई पेटल्यावर नौदलात अधिकारी झाला. आमच्या घरात तोवर कुणी समुद्र पाहिला नव्हता. आक्का विचारायची, "आपल्या नदीला पूर येतो, त्याहून मोठा असतो व्हय रं समुद्र?" तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "थोडासा मोठा असतो, आई." त्याचं काम मात्र मोठं जोखमीचं होतं. सपाट तळाच्या बोटींतून शत्रूच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवायचे, आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत गोळ्यांच्या माऱ्यात बोट तिथंच धरून ठेवायची...

ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर तो गेला आणि त्याची पत्रं बंद झाली. आक्कानं अन्न सोडल्यासारखंच केलं. गावाच्या फाट्यावर बसायची, पुण्याकडून येणारी प्रत्येक मोटार निरखायची. एके दिवशी दिघीच्या छावणीतले एक सुभेदार शाळेत मला भेटायला आले. म्हणाले, "साहेबांची बोट बुडाली. ते सापडले नाहीत. पण मास्तर, सापडले नाहीत म्हणजे गेले असं समजू नका. वाट बघा." मी घरी निघालो, तर फाट्यावर आक्का बसलेली. हाडांचा नुसता सापळा. तिनं विचारलं, "काय म्हणला रं सुभेदार?" आणखी वाट बघायला लावली तर ही मुलाच्या आधी जाईल, असं मला वाटलं. मी म्हणालो, "आक्का, रघू गेला. सरकारनं पक्कं कळवलंय."

एवढंच. एका वाक्याचा खेळ. शाळामास्तर बोलला म्हणजे गावाला ते छापील अक्षर. दर्भाचा पुतळा करून आम्ही नदीकाठी रघूला अग्नी दिला. यमुनेच्या बांगड्या माझ्यासमोर फोडल्या. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं पोरीचं. तेराव्याला आक्का पोटभर जेवली, रात्री झोपली, आणि मी स्वतःची समजूत घातली की, आपण केलं ते बरंच केलं.

उन्हाळ्यात रघू आला! एका पायानं लंगडत, अंगावर पांढरा गणवेश, चिंचवड स्टेशनापासून बैलगाडीतून. आक्का धावली, तर जाणत्यांनी तिला अडवलं. "दिवस घातलेल्या माणसाला उंबऱ्यातून घ्यायचं न्हाई. घराला लागतं. वरनं घ्या." मग शिडी लावली, माजघरावरची कौलं काढली, आणि नौदलाचा अधिकारी काखेत दोर बांधून स्वतःच्या घरात उतरला. खाली भटजी पुन्हा बारसं करायला तयार. रघू धुळीनं माखलेला, पोट धरून हसत होता. "मामा, एवढी कवायत आमच्या बोटीवरसुद्धा करून घेतली नाही हो कुणी!" यमुना दाराआड उभी होती. ती हसली नाही.

हसू चार दिवसांत विरलं. पारावर बोलणं सुरू झालं : सरकारनं मेला म्हणून कळवलेला माणूस जिता कसा? मेल्याचं सोंग करून पळूनच आला असंल. पुढं शौर्यपदक मिळालं, तर म्हणाले, "साहेब लोकांची वशिलेबाजी, राव." खरं असं होतं की, बोटीला आग लागल्यावर सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत रघू आत राहिला. मग एका जखमी खलाशाला खांद्यावर घेऊन खाडीच्या चिखलातून, खारफुटीतून लपतछपत तो आपल्या सैन्यापर्यंत पोचला. पायाची जखम चिघळली, इस्पितळात महिने गेले. हे मला ठाऊक होतं. पण सरकारनं तो गेल्याचं कळवलंच नव्हतं, हे बोललो असतो, तर आक्का आणि यमुना यांच्यापुढं कोणत्या तोंडानं उभा राहिलो असतो? मी गप्प बसलो. आक्का वारली, तरी गप्पच.

लढाईनंतर काही वर्षं त्यानं मुंबईला नव्या खलाशांना शिकवलं. पुढं छातीनं दगा दिला, म्हणून नोकरी सोडून तो गावी आला आणि पिंपरीला नव्यानं निघालेल्या कारखान्यात लागला. तिथं पाळी सुटली की सगळे कामगार बाहेर पडल्यावर तो फाटकातून निघायचा. आळंदीच्या नावेतूनही सर्वांत शेवटी उतरायचा. नावाडी ओरडायचा, "उतरा की कप्तान, का हितं पण लपून बसताय?" नावेतले खदाखदा हसायचे. रघूही हसायचा. मी नदीकडे बघायचो.

इस्पितळात शेवटचा भेटलो, तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. त्याला धाप लागत होती, तरी डोळे मिचकावून म्हणाला, "सुभेदारांनी मला कधीच सांगितलंय, मामा. आई त्या दिवशी जेवली ना?... मग माझी काही तक्रार नाही. पण यमुनेला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. ते तुमचं काम."

तो गेल्यावर बायका बांगड्या फोडायला आल्या, तर यमुनेनं हात मागं घेतले. "एकदा फोडल्यात. पुन्हा न्हाई." सगळे पांगल्यावर मी तिच्यापुढं बसलो आणि सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, माझं जे झालं ते झालं. त्ये मी तुम्हाला लगेच माफ करणार न्हाई. पण त्यांना गाव पळपुटा म्हणतं, ते आधी पुसा. पेपरात लिवा." म्हणून हे लिहिलं. गावकऱ्यांनो, रघू पळाला नव्हता. सरकारनंही चूक केली नव्हती. चुकलो तो मी.

परवा तिला मजकूर वाचून दाखवला. तिनं एक वाक्य बदलायला लावलं. मी 'गैरसमज झाला' असं लिहिलं होतं. "खोटं सांगितलं, असं लिवा." मी खोटं सांगितलं. लिहिलं, आणि कितीतरी वर्षांनी मला भूक लागल्यासारखं वाटलं.

माजघरावरची ती कौलं तेव्हापासून नीट बसलीच नाहीत. पावसाळ्यात तिथून ठिबकतं. दुरुस्तीला माणूस बोलावला की रघू त्याला चहा पाजून परत पाठवायचा. म्हणायचा, "राहू द्या, ते माझं दार आहे." काल संध्याकाळी सर आली. यमुना उठली, रघूचं पितळी पातेलं तिनं त्या जागी ठेवलं, आणि चुलीकडे जाता जाता मला म्हणाली, "मामा, पाटावर बसा. भाकरी टाकते."