काळी जमीन आणि ग्राफिक्स ड्रायव्हर

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, नंदुरबारच्या आमच्या घरी, मी संगणकातला एक दोष पूर्णपणे दुरुस्त केला. त्याच दिवशी घरातला एक माणूस त्या संगणकापुढून उठून गेला... आणि पुन्हा बसायला तयार होईना.

माणूस म्हणजे माझे थोरले बंधू, नाना. तापीकाठी, कळसाडीला कापूस आणि ऊस करणारे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अर्धांगवायूचा झटका आला, उजव्या हातातली हालचाल गेली, आणि फिजिओथेरपीसाठी ते वहिनींसह आमच्याकडे राहायला आले.

थेरपिस्ट मॅडमनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. नानांनी तो खिडकीत ठेवून दिला. "मी काय धाकला पोऱ्या शे का?" एवढेच त्यांचे म्हणणे.

माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे. मी कॉमर्सचा पदवीधर, पण जी वस्तू वापरतो ती आतून कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. या संगणकावर ट्रॅक्टरने शेती करण्याचा एक खेळ टाकला आणि गाडीचे असते तसे स्टिअरिंग जोडले. हेतू इतकाच, की चाक धरण्यासाठी तरी बोटे वळतील.

पहिल्या दिवशी नानांनी डाव्या हाताने चाकाला स्पर्श करून तो कपाळाला लावला... गावी ट्रॅक्टरवर बसताना लावतात तसा. मग डाव्यानेच उजवा हात उचलून चाकावर ठेवला. हळूहळू उजवी बोटे चाकाभोवती आपणहून आवळू लागली. मॅडम म्हणाल्या, हेच चालू ठेवा.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. खेळातली सगळी जमीन काळी दिसत होती. आभाळ, झाडे, ट्रॅक्टर, सर्व ठीक... माती तेवढी काळी. हाच खेळ खेळणाऱ्या इतरांच्या व्हिडिओंत तीच जमीन तांबूस तपकिरी होती.

हा शेडरचा दोष. पडद्यावरच्या कोणत्या ठिकाणी कोणता रंग आणि किती उजेड द्यायचा, हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. तो फक्त मातीपुरता चुकत होता.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर खेळ नव्याने सुरू करून पाहणे, ही माझी पद्धत. साठवलेले जुने शेडर पुसले. सावल्यांची सेटिंग उतरवली. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारा मधला थर बदलला... माती काळी ती काळीच.

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "का भाऊ, मशीनले ताप येल शे का? रोज नाडी धरी बसतस!"

शेवटी त्या रविवारी ग्राफिक्स ड्रायव्हरची, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती बसवली, आणि माती उजळली. ढेकूळ न् ढेकूळ वेगळे दिसू लागले, सरीत सावली पडू लागली. मी समाधानाने नानांना हाक मारली.

नाना येऊन बसले, पण चाकाला हात लावला नाही. पुढे वाकून पडद्यावरची माती न्याहाळली.

"बापू, हाई कोनं वावर शे?"

"तेच आहे, नाना. आधी रंग चुकीचा दिसत होता. आता बरोबर झाला."

"आपली काळी व्हती ना... ती कोठे गई?"

मी त्यांना शेडर समजावून सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग, "दुसराना वावरमा मी कसाले नांगर घालू?" एवढे म्हणाले आणि उठले.

त्या संध्याकाळी ते बसले नाहीत. पुढेही नाहीत. आठवड्याच्या तपासणीत मॅडमनी बोटे उघडून पाहिली आणि विचारले, व्यायाम बंद केलात का? बोटे पुन्हा ताठरू लागली होती.

घरी आल्यावर वहिनींनी खिडकीतला चेंडू आणून नानांपुढे ठेवला. नानांनी तो उचलून परत खिडकीत ठेवला.

तेव्हा मला उलगडा झाला. तापीकाठच्या माणसाने आयुष्यभर काळ्या मातीतच नांगर धरलेला... मी ज्याला दोष म्हणत होतो, ती नानांना पहिल्याच दिवशी आपली जमीन वाटली होती. परक्या देशातल्या कोणी बनवलेल्या खेळात, एका चुकलेल्या शेडरमुळे, त्यांना घरचे वावर मिळाले होते. ते मी काढून घेतले होते.

मातीचा रंग रीतसर बदलण्याचा मार्ग शोधता आला असता. पण त्याला वेळ लागला असता, आणि बोटांना तेवढी सवड नव्हती. मी जुना ड्रायव्हर परत बसवला आणि तो आपोआप बदलणार नाही अशी व्यवस्था केली. दोष जसाच्या तसा परत आणण्याचे काम मी यापूर्वी कधी केले नव्हते... तेही काटेकोरपणेच करावे लागते.

नानांना हाक मारली नाही. खेळ सुरू करून ठेवला आणि बाजूला पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वाफसा उना, बापू," नाना म्हणाले. जमिनीत पेरणीजोगी ओल आली, असे.

मी पेपर खाली घेतला. या वेळी त्यांनी चाकाला उजवा हात लावला होता. तो कपाळाकडे निघाला... कपाळापर्यंत पोहोचला नाही, छातीपर्यंत आला. तिथून पुढे त्यांनी मानच खाली आणली.

ड्रायव्हरची नवी आवृत्ती उपलब्ध असल्याची सूचना रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात येते. सूचना अगदी बरोबर आहे. मी 'नंतर' दाबतो, आणि वावर नानांच्या ताब्यात देतो.