दाजींनी निवडलेलं ब्रॅकेट

आमच्या दाजींना इंजिनातलं डोंबल कळत नव्हतं. तरी आमच्या गाडीच्या अल्टरनेटरला कुठलं ब्रॅकेट लावायचं हे त्यांनीच ठरवलं, कारण ते दाजी होते. थोरला जावई असणं एवढी एकच पात्रता कोल्हापुरात पुरते. त्यांनी तांबड्या रश्श्यात साखर घाला म्हटलं असतं तर आईनं घातली असती, आणि आबांनी तो भुरकून "पावणं म्हणत्यात ते बरोबर हाय" म्हटलं असतं.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं उद्यमनगरात गॅरेज होतं. कुणाच्या तरी गोठ्यात सडत पडलेली जुनी अमेरिकन गाडी त्यांनी ओढून आणली, तिला आठ सिलिंडरचं जुनं इंजिन बसवलं आणि बॉनेटच्या दोन्ही बाजू कापून टाकल्या. का, तर इंजिन रस्त्यावरनं दिसलं पाहिजे! परदेशात असल्या गाड्या करतात हे त्यांनी कुठल्याशा मासिकात बघितलं होतं. नव्वदच्या दशकात ती गाडी चौकात थांबली की लोक हातातला चहा टाकून यायचे. दुखणं एकच होतं. तिचा जुना डायनामो बॅटरीला पुरायचा नाही. त्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर लावायचा ठरला, आणि तो इंजिनाला धरून ठेवणारं ब्रॅकेट शोधायची पाळी आली.

घाई माझ्यापायी होती. दाजींनी माझ्यासाठी कुरुंदवाडचं स्थळ आणलं होतं. मुलगा मला बघून गेला होता. हातात अंगठ्या, गळ्यात चेन, आणि घरात बसूनसुद्धा डोळ्यावर गॉगल. काय करता म्हणून विचारलं तर त्यानं दाजींकडं बघितलं, आणि उत्तर दाजींनी दिलं. मी आत जाऊन आईला म्हटलं, मला ह्यो खुळा नको. आई म्हणाली, "दाजींनी बघितलंय की." संपला विषय! आता आबा मुलाचं घर बघायला जाणार आणि तिथंच सुपारी फोडून येणार होते. आणि जायचं ते ह्याच गाडीतनं, ही हौसही दाजींचीच.

गॅरेजच्या टेबलावर दोन ब्रॅकेट होती. एक शिरोलीच्या फाउंड्रीतनं आबांनी ओतून आणलेलं, बिडाचं, काळं, जाड, अल्टरनेटरला पुढनं आणि मागनं दोन्हीकडनं धरणारं. दुसरं दाजींनी मुंबईहून आणलेलं, ॲल्युमिनियमचं, आरशासारखं पॉलिश केलेलं. त्याला पुढं एकच बारीक हात होता. मागं आधार काही नाही.

"कुरुंदवाडचं पावणं इंजिन बघायला वाकणार," दाजी म्हणाले. "त्यास्नी काय तव्यागत काळं बीड दावायचं?"

गॅरेजात वाढलेल्या मला जे दिसत होतं ते मी बोलले. एवढं जड धूड एका हातावर कसं राहील? इंजिन थरथरलं की मोडणार.

दाजी हसले. ते माझ्याशी बोलायचेच नाहीत, माझ्यावरनं आबांशी बोलायचे. "मामा, हिला सासरी गॅरेज काढून द्यायचं काय?"

आबांनी दोन्ही ब्रॅकेट हातात तोलली. त्यांना सगळं कळत होतं. आयुष्य त्यातच गेलं होतं त्यांचं. त्यांनी बिडाचं खाली ठेवलं आणि चकचकीत उचललं. "पावणं म्हणत्यात ते बरोबर हाय," ते म्हणाले. दाजींचा मला राग यायचा, पण त्या दिवशी आबांची कीव आली.

आम्ही निघालो. आबा गाडी चालवत होते, शेजारी दाजी. मागं मांडीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझी थोरली बहीण अक्का, म्हणजे दाजींची बायको, आणि मी. घर बघायला नवरीला नेत नाहीत. मला वाटेत जयसिंगपूरला आत्याकडं सोडायचं होतं. अतिग्रे मागं पडलं आणि पुढनं फाडकन आवाज आला. ब्रॅकेटचा तो नाजूक हात मुळातनं मोडला, अल्टरनेटर लोंबकळला, पट्टा उडून रस्त्यावर पडला. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरायचा. बघता बघता रेडिएटरमधनं वाफ उसळली. आबांनी गाडी कडेला घेतली.

दाजींनी खाली उतरून अंगातला सफारी झटकला. "रस्ताच बेकार हाय," ते म्हणाले.

"व्हय," आबा म्हणाले, "रस्ता बेकारच हाय."

असला संताप आला मला! पण बोलली अक्का. लग्न झाल्यापासनं नवऱ्यासमोर तिनं कधी आवाज काढला नव्हता. माहेरी आली की चुलीपाशी गप्प बसून राहायची, आणि का म्हणून आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "ह्ये मोडणार तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

आबा वाफेकडं बघत राहिले.

"सांगा की."

"व्हय," आबा म्हणाले. "ठावं हुतं."

"मग माझ्या येळंलाबी ठावं हुतं?"

दाजी ओरडले, "काय बोलतीस?" तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आबांचा चेहरा बघून मीच मान वळवली.

थोड्या वेळानं समोरनं रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. आबांनी हात केला. ड्रायव्हर दोर काढत असताना दाजींनी हुकूम सोडला, "उलटा वळीव. जयसिंगपूरपर्यंत ओढ, फुडं आमी जीप करतो."

"न्हाय," आबा म्हणाले. "कोल्हापूरला. घरी."

"मामा, तिकडं पावणं वाट बघत्यात!"

"बघू द्यात."

जावयाला आबांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दाजी तोंड उघडून उभेच राहिले, आणि इतके बावळट मला ते आधी कधीच दिसले नव्हते. आबांनी अक्काच्या मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स उचलून ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिला.

तो बिचारा गोंधळला. "पावणं, पेढं कशाचं म्हणायचं?"

"माझ्या भणीचं लगीन मोडल्याचं," अक्का गाडीतनं उतरत म्हणाली, आणि त्याच्या हातातला बॉक्स उघडून पहिला पेढा तिनंच तोंडात टाकला.