खोक्यांची वही

माझ्या मुलीला तिच्या ज्युनियर कॉलेजातल्या सरांनी फसवलं. कंपनीनेही फसवलं, पण शिकवण्याचा पगार सर घेत होते, कंपनी नाही. आणि या फसवणुकीतला मधला सौदा मी केला. ते लपवून नुसतं सरांकडे बोट दाखवायचं असतं, तर मी लिहायला बसले नसते.

थेरगावात माझं डब्यांचं स्वयंपाकघर आहे. सुरुवातीला दोन पिशव्या घेऊन कंपन्यांच्या गेटवर उभी राहायचे, आता टेम्पो आहे आणि हाताखाली सहा बायका. भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडून मी इथवर आले. माझा आवाज चढला की डांगे चौकातला पालेवाला स्वतःहून जुडी जड करतो. भाव करायची माझी एक पद्धत आहे. समोरच्याला वाटतं तो जिंकतोय असं आधी थोडं सोडायचं, मग आपल्याला हवं ते घ्यायचं. ती पद्धत कधी अंगावर आली नव्हती.

मुलगी दहावीत असताना आमचं कणीक मळायचं मशीन बंद पडलं. आतला पितळी बुश झिजला होता. ती तो घेऊन भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेली आणि तिथल्या काकांनी लेथवर नवा कातून देईपर्यंत शेजारी उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय." मी म्हटलं शिक. म्हणून तिने अकरावीला तंत्राचा कोर्स घेतला. आठवड्यातले चार दिवस वर्गात, दोन दिवस कंपनीत. नातेवाईक म्हणाले, मुलीला कारखान्यात कशाला पाठवतेस. मी म्हटलं, कारखान्यांना मीच जेवू घालते, मला कारखाने माहीत आहेत.

तिला भोसरीची कंपनी मिळाली. योगायोगाने तिथे माझे ऐंशी डबे जायचे. एकदा टेम्पोचा ड्रायव्हर आला नाही म्हणून मी स्वतः गेले. जेवणाच्या शेडला लागून पॅकिंग होतं. तिथे माझी मुलगी आणि वर्गातल्या आणखी चार मुली ओळीने बसून पुठ्ठ्याची खोकी घडी करत होत्या. वर्गातली मुलं पलीकडे लेथवर उभी होती.

मी सुपरवायझरला विचारलं, "काय हो भाऊ, ही शिकायला आलीय ना?"

"मावशी, मुलींचा हात टापटीप. पॅकिंग बघा कसं झालंय," तो म्हणाला. "मशीनवर उभ्या केल्या आणि केसबिस अडकले, तर निस्तरणार कोण?"

"केस बांधलेत तिने. टोपी पण आहे."

"वरून तसं सांगितलंय. आज भाजी कोणती?"

एरवी मी त्याचा तिथेच समाचार घेतला असता. पण ऐंशी डबे होते. मी म्हटलं, "मटकी."

संध्याकाळी मी मुलीची वही मागितली. कंपनीतल्या प्रत्येक दिवसाला एक पान. मशीन कोणतं, काम काय केलं, काय शिकलो. बाकीच्या मुलामुलींनी एक झेरॉक्स उतरवली होती. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी वही, दर वर्षी पुढच्या वर्गाकडे जाणारी. सगळ्यांची सारखीच चाळीस पानं, आणि शेवटच्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांवर एकदम सह्या करतो. माझ्या मुलीने ती झेरॉक्स घेतलीच नव्हती. तिने लिहिलं होतं, मशीन : नाही. काम : खोकी घडी करणे. काय शिकले : टेप सरळ लावायला. पुढच्या पानावर, काय शिकले : काल शिकले तेच. मला हसू आलं आणि पाठोपाठ रागही.

सत्राच्या शेवटी जमा केलेली ती वही सरांनी परत केली. म्हणाले, बाहेरच्या परीक्षकांपुढे ही ठेवली तर प्रॅक्टिकल अडकेल, नवीन लिहून आण. मुलगी म्हणाली, मी लिहिणार नाही.

ती वही घेऊन मी कॉलेजात गेले. सर गोड बोलणारे. खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताई, तुमची मुलगी हुशार आहे. फक्त जरा हट्टी आहे. कुणावर गेलीय?"

"माझ्यावर. मुलींना मशीन का नाही?"

"कंपनी मिळणंच किती कठीण झालंय, तुम्हाला काय सांगू. ही वही वर गेली तर ती कंपनीही हातची जाईल. मग सगळीच मुलं घरी बसतील."

मी माझ्या पद्धतीने बोलू लागले. वही ती पुन्हा लिहील, म्हटलं, पण पुढच्या सत्रात पाचही मुली लेथवर दिसल्या पाहिजेत. सर म्हणाले, "शब्द देतो, ताई." त्यांनी जुनी वही ठेवून घेतली आणि कोरी दिली. जिना उतरताना मी खूश होते. चाळीस पानं खरडायची आणि बदल्यात मशीन मिळवायचं, याहून स्वस्त सौदा मी केला नव्हता.

दोन दुपारी मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. बायका पोळ्या लाटत होत्या, ती झेरॉक्स बघून लिहीत होती. मध्येच थांबली.

"आई, इथे फेसिंग लिहिलंय, म्हणजे तुकड्याचं तोंड कातून सपाट करणं. खरं सांगू का, फेसिंग मला पुस्तकात माहितीय. हाताला माहीत नाही."

"पुढच्या सत्रात होईल हाताला माहीत. लिही."

तिने लिहिलं. माझ्याकडे न बघता लिहिलं.

पुढच्या सत्रात पाचही मुली पुन्हा खोक्यांपाशी. मी तावातावाने कॉलेजात गेले. सरांनी या वेळी चहा मागवला नाही. कपाटातून नवी वही काढून माझ्यासमोर उघडली.

"अक्षर कुणाचं आहे, ताई? चाळीस दिवस लेथवर होते असं तिनेच लिहून दिलंय. आता मुलींना मशीन द्या असं मी कंपनीला कोणत्या तोंडाने सांगू?"

मी पहिली वही मागितली. ते म्हणाले, असेल कुठेतरी कपाटात, बघावं लागेल. हातात घेतल्यावर भेंडी कोवळी की जून हे मला कळतं. त्या वहीची किंमत मला हातातून गेल्यावर कळली. मुली मशीनवर नव्हत्या याचा तेवढा एकच पुरावा होता, आणि तो मीच आधी सोडायची वस्तू म्हणून सोडला होता.

बारावीला चांगले मार्क मिळाले. चाकणच्या एका मोठ्या कंपनीने शिकाऊ म्हणून बोलावलं. तिथले साहेब कॉलेजातून परत मिळालेली नवी वही चाळून तिला थेट लेथपाशी घेऊन गेले. म्हणाले, हा तुकडा चकमध्ये धर आणि फेसिंग करून दाखव. चक म्हणजे तुकडा पकडून गरगर फिरणारा भाग. तो चावीने आवळतात, आणि चावी काढल्याशिवाय मशीन सुरू करायचं नसतं, नाहीतर ती चावी गोळीसारखी सुटते. माझ्या मुलीने चक आवळला, चावी तशीच ठेवली आणि बटणाकडे हात नेला. साहेबांनी तिचं मनगट धरलं.

"चाळीस दिवस लेथवर होतीस ना? हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"सर, मी चाळीस दिवस खोकी बांधत होते."

"मग वही कुणी लिहिली?"

"मी."

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बाळा, ज्यांना काहीच येत नाही त्यांना आम्ही घेतो, शिकवतो. येतं असं लिहून देतात आणि येत नसतं, त्यांची मला भीती वाटते."

तिने हे सगळं मला घरी येऊन सांगितलं, भाजी निवडता निवडता, एका सुरात. मी सरांना शिव्या द्यायला लागले तर म्हणाली, "आई, लिही असं तू म्हणाली होतीस." मग थोड्या वेळाने, "पहिली वही नेली असती, तर त्यांनी घेतलं असतं गं मला."

त्या रात्री मी तिला सांगितलं की माझं चुकलं. कुणाला असं म्हणायची मला सवय नाही. आता ती भोसरीच्या त्या बुशवाल्या काकांकडे जाते. लोखंडाचा कीस झाडण्यापासून सुरुवात केलीय. काकांनी पहिल्या दिवशी चावी काढायला शिकवलं, आणि ती परत एक वही लिहिते, कुणी मागत नसताना.

खोक्यांच्या त्या कंपनीत माझे डबे अजून जातात. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम स्वतः गेले. खोक्यांपाशी नव्या चार मुली होत्या. एकीला विचारलं, वही लिहिलीस का. ती म्हणाली, "झेरॉक्स मिळालीय ना, मावशी."

माझ्या वाट्याचं उत्तर मी माझ्या मुलीला दिलं. सर, आता तुमचं द्या. ती पहिली वही तुमच्या कपाटात आहे. ती घेऊन वर्गात या. माझ्या मुलीला मी घेऊन येते, त्या नव्या चार मुली वर्गात असतीलच. त्यांच्यासमोर वही उघडा आणि सांगा, त्यातलं कोणतं पान चुकीचं होतं.