खाकरणं माझं, ऐकलं होस्टेलनं

साल २०१९. तवा माझं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं शाबूत. भूतबित, करणीबिरणी म्या कधी मानली न्हाय, आजबी मानत न्हाय. घडलं तेवढं सांगतो. टाइप करतीय माझी नात भाग्यश्री, आमची भागी.

तवा ती गावापासनं रातभराच्या रेल्वेच्या वाटंवर, ख्रिश्चन मिशनच्या मुलींच्या कॉलेजात होती. लई कडक. मोबाईल कपाटात कुलूपबंद, प्रार्थनेआधी घासाला हात लावायचा न्हाय, आणि होस्टेलात पुरुषाचं पाऊल न्हाय.

एक दिवस आमच्या गावाला, माकणीला फोन आला — पालकांनी या, पोरीचं नाव कॉलेजातनं काढायचंय. तिला बाप न्हाय. मीच गेलो.

प्रिन्सिपल सिस्टरबाई म्हातारी, ताठ. म्हणाली, "पहाटे हिच्या खोलीबाहेर पुरुष खाकरतो. सगळ्या मुली ऐकतात. मी स्वतः काठी घेऊन गेले, कोणी दिसत नाही."

"मोबाईलवर वाजत आसंल."

"मोबाईल माझ्या कपाटात आहेत."

भागी रडवेली. "आज्जा, मला काहीच ठाऊक न्हाय. पण ते आपल्या घरातल्यावानी वाटतं."

"गप! घरचं खाकरणं रेल्वेत बसून येतं व्हय?"

आता सिस्टरबाईला दोन शब्द सुनावावेत म्हणून म्या घसा साफ केला. सवयीनं. आमच्या लिंगायत घरात म्हातारा माणूस पहाटं आंघोळ करून पूजेला आत जाताना खाकरतो... सुनांनी पदर सावरावा, पोरींनी उठून बसावं म्हणून. माझं ठरलेलं — दोन आखूड, एक लांब.

बाहेर व्हरांड्यातनं पोरींची रांग चर्चकडं चालली होती. ती थांबली. एकजण किंचाळली, "सिस्टर, हाच तो!"

सिस्टरबाईचा पेन हातातच राहिला. "आजोबा, पुन्हा खाकरा."

"म्या काय तमाशातला सोंगाड्या हाय?"

"आज्जा, माझं नाव जाईल वो..."

खाकरलो.

सिस्टरबाईनं दार लोटलं. "आज पहाटे कुठे होतात?"

"रेल्वेत. तिथं कुणासाठी खाकरायचं?"

ती हळू म्हणाली, "आज आवाज आला नाही."

नाव राहिलं. गेटापाशी सिस्टरबाईनं इचारलं, "पूजेला किती वाजता बसता?"

"चारला."

"आमची घंटा साडेपाचला होते. मुली दचकतात हो."

"माझ्या घरात कवा खाकरायचं ते तुमी सांगणार?" म्हणलं आणि निघालो.

भागी आता पदवीधर हाय, मुरुमला शाळेत शिकवती. म्हणती, "आज्जा, ते कॉलेज म्हंजे आपलंच घर, फक्त देव दुसरा. उठायचं कवा, बोलायचं किती, सगळं ठरलेलं. तिथं रोज शिव्या घालायचे, आता वर्गात मीच तसं वागते." आवाजाचं इचारलं की वह्या तपासाय घेती. कुणी म्हणतं, तिथला एखादा वॉचमन आसंल. आसंल की! मग म्या रेल्वेत असताना त्याचा घसा कसा बसला? उत्तर तुम्हाला सापडलं तर कळवा, पण पटंल आसं कळवा.

त्या दिवशी कॉलेजातनं निघून रातीची रेल्वे धरली, दुसऱ्या दिवशी माकणीला पोचलो. त्याच्या फुडल्या पहाटं चारला आंघोळ केली, पूजेला निघालो, आणि खाकरणं घशात आलंच. आत भागीची आई दिव्यापाशी उभी. आवाज येईना म्हणून म्हणली, "मामा, बरं हाय न्हवं?"

म्या हातानंच थांब म्हणलं. तोंडाला पंचा लावून उंबऱ्याबाहेर बसलो. साडेपाच वाजू दिले. मग खाकरलो.