मालधक्क्यासमोरचे दत्तूभाऊजी

दत्तूभाऊजी गेले तेव्हा मी किन्हवलीला लेकीकडे होते. दिवाळीच्या चिवड्याचे पोहे अंगणात उन्हाला घातले होते आणि राखण करत बसले होते. लेक फोन घेऊन बाहेर आली आणि नुसतीच उभी राहिली, तेव्हाच कळलं. मी आधी पोहे आत घेतले आणि मग एसटीला निघाले. गेलेलं माणूस थांबणार होतं, पोह्यांवर मात्र कावळे टपले होते. त्यांना त्यांचा घास दहाव्याला मिळणारच होता. भाऊजी असते तर यावर हसले असते. माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, जन्मभर माझ्या हातचं जेवले आणि मीठ कमी पडलं तरी कधी बोलले नाहीत. याला लोक चांगुलपणा म्हणतात. मी म्हणते, हॉटेल चालवणाऱ्याने मीठ कमी असलं तर सांगायला हवं.

आमचं हॉटेल वाशिंदच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवरच्या एका लहान स्टेशनाशी, मालधक्क्याच्या अगदी समोर होतं. सासऱ्यांनी काढलेलं. खाली संगमरवरी टेबलं, वर मुक्कामाच्या दोन खोल्या, मागे कोठी. मुरबाडकडून गवताच्या बैलगाड्या यायच्या, धक्क्यावर गाठी बांधल्या जायच्या, वॅगनी भरल्या की गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. व्यापारी वर मुक्काम करायचे, त्यांचे वजनकाटे आणि दोरखंड आमच्या कोठीत पडलेले असायचे. सकाळपासून चूल विझायची नाही. उसळ, भजी, डाळभात... माझ्या हाताला कांद्याचा वास होता तो सणालाही जात नसे. गाठी चढवणारे हमाल स्टेशनमागच्या कातकरी वाडीतले. सासऱ्यांच्या काळात त्यांच्या कपबशा वेगळ्या होत्या, मागच्या दाराशी. हेही लिहायला हवं. गल्ल्यावर भाऊजी बसले आणि एका सकाळी त्यांनी त्या कपबशा बाकीच्यांत मिसळून टाकल्या. कुठली कुठे गेली ते मलासुद्धा ओळखता येईना. दोन गिऱ्हाइकं रागावून गेली. त्यातलं एक पावसाळा संपल्यावर परत आलं, कारण दुसरं हॉटेलच नव्हतं.

नव्वदच्या पुढेमागे गवत ट्रकने जायला लागलं. वॅगनी कमी झाल्या, मग बंदच झाल्या. रुळांच्या मधे टाकळा उगवला. व्यापारी एकेक करून आपले काटे घेऊन गेले, वरच्या खोल्यांना कुलूप लागलं आणि आम्ही चहावर आलो. आमचं निदान चहावर तरी भागलं. हमालांचं सगळंच गेलं. वाडीतली माणसं दिवाळी झाली की कुटुंबासकट वीटभट्टीवर जाऊ लागली, ती पावसाच्या तोंडावर परत यायची. पहिल्याच वर्षी मंगळी आली. तिचा नवरा आमच्या धक्क्यावरचा जुना हमाल. तिच्या डोक्यावर दोन हंडे, काखेत कोंबडा.

"भाऊ, कोठी रिकामीच हाय ना तुझी? हे ठेव. झोपडीत ठेवलं तं परत येस्तोवर राहायचं नाय."

"ठेव. कोंबडा तेवढा घेऊन जा गो. वैनीच्या हाती लागला तर तू यायच्या आत त्याचा रस्सा होईल."

"वैनीला नाव कशाला ठेवतोस? खाणारा तूच."

मागून तिचा नवरा आला तो डोक्यावर झोपडीचं दार घेऊन. अख्ख्या घरात चांगल्या लाकडाची तेवढीच वस्तू. पुढच्या वर्षी वाडीतली आणखी घरं आली. जिथे व्यापाऱ्यांचे दोरखंड असायचे तिथे हंडे, पाटे, कोयते आणि भिंतीला टेकवलेली दारं. पाऊस जवळ आला की येऊन घेऊन जायचे. कुणी पाटी भरून करवंदं आणून द्यायचं, कुणी काहीच नाही.

मग स्टेशन वाढवायचं ठरलं. हॉटेलची जागा रेल्वेची, भाड्याने घेतलेली, तेव्हा भांडण्यात अर्थ नव्हता. कागद आला तो संक्रांतीच्या आधी, वाडी भट्टीवर गेलेली असताना. मोजणीचे साहेब आले. मला वाटलं, भाऊजी हॉटेलसाठी रदबदली करतील. त्यांनी साहेबांना चहा दिला आणि म्हणाले, "हॉटेल उद्या पाडा. मागची कोठी पावसापर्यंत राहू द्या."

"कोठीत काय आहे तुमचं?"

"माझं काही नाही, म्हणूनच सांगतोय."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातातही काही नव्हतं. मी तोवर हायवेला एक गाळा बघून ठेवला होता. टेबलं होती, काचेचं कपाट होतं, पातेली होती. पुन्हा चूल पेटली असती. सामान गाळा मिळेपर्यंत ठेवायला गावातल्या आमच्या घरात एकच जागा, भाऊजींची रस्त्याकडची खोली. मी सांगितलं, हातगाडी आणा आणि आधी टेबलं हलवा. दुपारी बघते तर खोलीत हंडे लागलेले, दारं लागलेली, आणि टेबलं भंगारवाल्याच्या टेम्पोत.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"वैनी, टेबलं आपली आहेत. आपलं टाकता येतं."

"आणि आपण खायचं काय? त्यांची दारं?"

हायवेचा गाळा दुसऱ्याने घेतला. दत्तू हॉटेलवाला म्हणून ज्यांना पंचक्रोशी ओळखायची, त्यांनी पुढे वाशिंदला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा केला, दुसऱ्याच्या नोकरीत. मी त्यांच्याशी होळीपर्यंत कामापुरतंच बोलले. माझं मत आजही तेच आहे. टेबलं ठेवायला हवी होती... हंड्यांना पडवी चालली असती. पण ती वेळ आली तेव्हा हातगाडी ओढत होते ते, मी नव्हते. वाडीतली माणसं परत आली, स्टेशनसमोर मोकळी जागा बघून थबकली आणि विचारत विचारत आमच्या घरी पोचली. तेव्हापासून दर दिवाळीनंतर घरीच यायला लागली. पावसापर्यंत भाऊजी हंड्यांच्या मधल्या फटीत खाट टाकून झोपायचे.

यंदा सुतकात दिवाळी झाली नाही. माझ्या मुलाने, प्रकाशने, त्या खोलीसाठी भाडेकरू बघितला. वाशिंदला कामाला जाणारा मुलगा, चांगल्या घरचा. मीच हो म्हटलं होतं. खोली झाडून घेतली, खाटही बाहेर काढली. आणि गेल्या आठवड्यात मंगळी आली, केस पांढरे झालेली, मागे तिचा मुलगा दार घेऊन. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिने हंडे खाली ठेवले आणि त्यांच्याजवळच बसली.

"मग वैनी, आमी जातो. भांडी नेतो संगं."

"भट्टीवर दार नेऊन काय करणार आहेस? उचल ते आणि आत चल."

प्रकाश म्हणाला, "आई, पोरगा उद्या सामान घेऊन येतोय." मी म्हटलं, त्याला फोन कर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि फोन घेऊन अंगणात गेला.

खोलीत दार कसं लावायचं ते मला ठाऊक नव्हतं. आडवं टेकवलं तर खिडकी झाकली जात होती. मंगळीचा मुलगा म्हणाला, "भाऊ उभं लावायचा, आन् खाली कापड घालायचा, कड झिजू नये म्हणून." कापड शोधायला मी फळीवर हात घातला तर भाऊजींचा पंचा हाताला लागला, धुऊन ठेवलेला. घडी मोडायची गरजच पडली नाही. दाराखाली तो नीट बसला.